सोळा किलोंचा वाद

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्या चालतात. फर्स्ट शिफ्ट सुटली की नगर-पुणे रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी होते. त्यातून उतरलेली काही पोरं खोलीवर न जाता थेट जिमकडं वळतात. आठ तास लाइनवर उभं राहून आलेल्या या पोरांच्या हातात सध्या एकच वस्तू दिसते: लोखंडाचा गोळा आणि त्याला वर जाड कडी. केटलबेल.

माझं मत आधीच सांगतो. वस्तू चांगली आहे, पण ज्या घाईनं ती पारनेर तालुक्यात घरोघरी पोचते आहे, त्या घाईची मला काळजी वाटते. मात्र एकट्यानं निकाल देण्यापेक्षा दोन्ही बाजू समोरासमोर बसवलेल्या बऱ्या, म्हणून हा संवाद मांडला आहे. यातली दोन माणसं त्या दोन बाजूंसाठी उभी केलेली आहेत. एक पैलवान. गावोगावच्या हगाम्यांत कुस्त्या केल्या, खांदा निखळल्यावर माती सुटली, आता सुप्यात जिम चालवतो. दुसरी नगरची फिजिओथेरपिस्ट. त्याच्या खांद्यावर तिनंच उपचार केले, तेव्हापासून ती त्याची ताई.

पैलवान: ताई, माझ्या जिमपेक्षा आधी या पोरांच्या खोल्या बघा. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं-चौघं राहतात. गाद्या गुंडाळल्या की दोन पावलं जागा उरते. तिथं बार, प्लेटा, बेंच कुठं मांडणार? शिफ्ट बदलत राहते, म्हणून जिमची वेळही सांभाळता येत नाही. सोळा किलोचा एक गोळा दारामागं राहतो. वीस मिनिटं मेहनत केली की मांड्या, कंबर, पाठ, खांदे, पंजा सगळ्यांना काम मिळतं आणि धापही लागते. दुसरं कुठलं एकटं साधन हे करतं?

ताई: करतं ते खरंच. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या खोलीत त्याला बघणारं कोण असतं?

पैलवान: मोबाइल असतो.

ताई: त्याला मोबाइल दिसतो, मोबाइल त्याच्याकडं बघत नाही. माझ्याकडं येणारा पोरगा सांगतो, ‘व्हिडिओत दाखवलं तस्संच केलं.’ मी त्याला रिकाम्या हातानं स्विंग, म्हणजे गोळा पायांमधून मागं नेऊन पुढं झुलवण्याचा प्रकार, करून दाखवायला सांगते. तो गुडघे वाकवून खाली बसतो, उठतो आणि हातानं वजन वर उचलल्यासारखं करतो. स्विंग खुब्यातून व्हायला हवा, त्याचा चालतो गुडघ्यातून आणि खांद्यातून. थकला की पाठीला बाक येतो, आणि त्या वाकलेल्या पाठीवर गोळा परत येतो.

पैलवान: तो शिकवणाऱ्याचा दोष झाला. गोळ्याचा कसा?

ताई: थोडा गोळ्याचाही आहे. बारबेलमध्ये वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. इथं ते मुठीखाली वीतभर लांब लटकतं आणि झोक्यावर असतं. झोक्याच्या तळाशी सोळा किलो सोळा राहत नाहीत, वेगामुळं ओढ कितीतरी वाढते. ती ओढ नेमकी कधी येते? तू पुढं वाकलेला असतोस आणि गोळा दोन पायांमधून मागं जात असतो तेव्हा.

पैलवान: त्या ओढीसाठीच तर आम्ही तो वापरतो! ती ओढ अडवताना कुल्ल्याचे आणि मांडीमागचे स्नायू तयार होतात. दिवसभर उभं राहणाऱ्या, नाहीतर फोर्कलिफ्टवर बसून राहणाऱ्या माणसाचे नेमके तेच निजलेले असतात.

इथं दोघंही खरं बोलताहेत, आणि माझ्या मते सगळा विषय इथंच आहे. या साधनाचा फायदा आणि धोका एकाच जागेतून निघतात. मुठीखाली लटकणारं, पळणारं वजन. ते काढून टाकलं तर दुखापतीची भीती कमी होईल, पण मग केटलबेलऐवजी साधा डंबेल घेतलेला काय वाईट?

ताई: कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी 2012 मध्ये हे मोजलं आहे. सोळा किलोच्या स्विंगमध्ये कंबरेच्या मणक्यांवर सुमारे 3200 न्यूटन दाब आला. निरोगी माणसाला तो झेपतो. पण दाबाबरोबर मणके एकमेकांवर सरकवणारा जोरही असतो, आणि स्विंगमध्ये त्याची दिशा नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट निघाली. जड बार बिनधास्त उचलणाऱ्या काही लोकांची कंबर हलक्या स्विंगनं का कुरकुरते, त्याचं कारण यात असावं असं त्यांनी सुचवलं. आणि काहींना मात्र स्विंगनं आराम पडतो. आता समोर उभा असलेला माणूस कुठल्या गटातला, हे तू त्याच्या तोंडावरून ओळखणार का?

पैलवान: तोंडावरून नाही, पण आठवड्याभरात ओळखीन. आणि अभ्यास माझ्याकडंही आहे. डेन्मार्कमध्ये केनेथ जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये छापलेला. मान, खांदे, कंबर दुखण्याचं प्रमाण ज्या कामांत जास्त असतं तिथली चाळीस माणसं घेतली, बहुतेक बायका, सरासरी वय चव्वेचाळीस. चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गट पाडले. एका गटाला आठवड्यातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं केटलबेल दिली. आठ आठवड्यांत त्या गटाची मान-खांद्याची दुखणी कमी झाली, कंबरदुखीही कमी झाली, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. ताई, ही माणसं म्हणजे आपल्या वसाहतीतलीच माणसं झाली की!

ताई: तो अभ्यास मी वाचला आहे आणि मला तो आवडतो. पण त्यातली दुसरी ओळ तू गाळलीस. त्यांचा दम वाढला नाही. हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेत म्हणावा असा फरक पडला नाही.

पैलवान: धाप तर सडकून लागते!

ताई: धाप लागणं वेगळं, दम वाढणं वेगळं. अमेरिकेतल्या 2010 च्या एका प्रयोगात माणसांना बारा मिनिटं सोळा किलोचा स्विंग जमेल तितका करायला लावला. नाडी कमाल ठोक्यांच्या 87 टक्क्यांपर्यंत गेली, पण शरीरानं ओढलेला ऑक्सिजन कमाल क्षमतेच्या 65 टक्क्यांवरच थांबला. मूठ आवळलेली, धड ताठ, त्यामुळं नाडी चढते. नाडी बघून माणसाला वाटतं की आपण चार किलोमीटर पळून आलो. मी असं म्हणत नाही की फायदा शून्य आहे. 65 टक्के म्हणजे चांगली मेहनत. पण ‘केटलबेल करतो, आता चालायची-पळायची गरज नाही’ असं सांगणारे तुझ्या जिममध्ये आहेत ना?

पैलवान: आहेत. मीही सांगत होतो.

ताई: जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. तुझा गोळा त्यातले दोन दिवस छान भागवतो. उरलेल्यासाठी कंपनीपासून खोलीपर्यंत चालत जा म्हणावं.

पैलवान: रस्त्यावरचे ट्रक बघितलेत का तुम्ही?

हे त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. व्यायामाचा सल्ला देणारे रस्त्याचा विचार क्वचितच करतात. महामार्गालगतच्या गावात पहाटे चालायला निघणं म्हणजे दुचाक्या, कंटेनर आणि अंधार यांतून वाट काढणं. घरात करता येणाऱ्या व्यायामाचं मोल अशा ठिकाणी फार मोठं आहे.

पैलवान: आणि ताई, तुम्ही याला परदेशी खूळ समजू नका. रशियात हे बाजारातलं वजन होतं. धान्य तोलायचं. एक पूड म्हणजे सोळा किलोंहून थोडं जास्त. म्हणूनच अजून सोळा, चोवीस, बत्तीस असे गोळे येतात. बाजारात पैज लागायची, पैजेची स्पर्धा झाली, आणि 1985 मध्ये लिपेत्स्क शहरात सोव्हिएत संघाची राष्ट्रीय स्पर्धा भरली. दहा मिनिटं गोळा खाली टेकवायचा नाही, असा तो खेळ. पुढं मिन्स्कचा पावेल त्सात्सूलिन अमेरिकेत गेला, 2001 पासून त्यानं शिकवणाऱ्यांचे वर्ग काढले, तिथून ते जगभर गेलं. आणि आपल्याकडं? आपल्या तालमीत नाल होतीच की. दगडाचं चाक, मधे कोरून काढलेली मूठ. करेला होता, मुद्गल होतं, गदा होती. या शेवटच्या तिन्हींत तर वजन मुठीपासून लांबच असतं. आमचे आजे-पणजे तेच फिरवत होते.

ताई: फिरवत होते, पण कुणाच्या देखत?

पैलवान: वस्तादाच्या.

ताई: तालमीत पहिल्याच दिवशी तुझ्या हातात नाल दिली होती?

पैलवान: छे! पहिले कित्येक दिवस नुसती माती खणायला लावली. फावडं मारा, माती ढवळा, पाणी टाका. मग जोर, मग बैठका. बैठक चुकली की वस्ताद मागून पायानं टाच सरळ करायचे. नालेला हात लावायची परवानगी कधी मिळाली ते आता आठवतही नाही. खूप उशिरा.

ताई: मग तुझ्या जिममध्ये पहिल्याच दिवशी स्विंग का?

यावर पैलवान गप्प झाला तर ते साहजिक आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी आपल्या तालमीतल्या व्यायामांची आणि साधनांची व्यायाम ज्ञानकोशाच्या खंडांतून नोंद केली, त्यामुळं साधनं तरी कागदावर टिकली. ती कुठल्या क्रमानं कुणाच्या हातात द्यायची, ही समज मात्र वस्तादांजवळ होती. गावची तालीम बंद पडते तेव्हा ही समज पहिल्यांदा जाते. 2025 च्या फेब्रुवारीत नगरला महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला आणि पृथ्वीराज मोहोळनं गदा उचलली, तेव्हा गावागावांतून ट्रॅक्टर-टेम्पो भरून माणसं आली. त्याच गावांत रोज पहाटे उघडणाऱ्या तालमी किती उरल्या आहेत, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं.

पैलवान: पहिल्या दिवशी काय शिकवायचं, ते सांगा. मी लिहून घेतो.

ताई: गोळा बाजूला ठेव. एक सरळ काठी घे. पाठीमागं उभी धर. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागं ढकलायचे. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या असताना आपण मागचं दार ढुंगणानं लोटतो ना, तसं. खाली बसायचं नाही. काठी तीनपैकी एका जागेवरून सुटली की थांबायचं. ज्याची काठी सुटत नाही त्यालाच वजन. आणि तेही स्विंग नाही, आधी गोळा जमिनीवरून नुसता उचलायचा आणि ठेवायचा. डेडलिफ्ट. दोन-तीन आठवडे तेच.

पैलवान: दोन-तीन आठवडे डेडलिफ्ट केली तर पोरं पळून जातील.

ताई: माती खणायला लावल्यावर तू पळून गेलास का?

पैलवान: आमच्या वेळी घरून मार बसला असता! आता फी भरतात, ताई. फी भरणाऱ्याला पहिल्या दिवशी घाम आणि व्हिडिओ दोन्ही हवं असतं. पण करू. काठीचं करतो. मला एक सांगा, बैठका घालणाऱ्याला स्विंग अवघड का जातो? माझी कुस्तीतली पोरंच जास्त चुकतात.

ताई: कारण बैठक त्यांच्या अंगात मुरलेली असते. गुडघे पुढं आणि टाचा वर. वजन हातात आलं की शरीर ओळखीचीच वाट धरतं. त्यांना नवीन शिकवण्याआधी जुनं विसरायला वेळ द्यावा लागतो. उलट बाळंतपणानंतर व्यायामाला आलेली, आयुष्यात कधी जिम न बघितलेली बाई काठीचा प्रकार पटकन उचलते. मला याचं नेहमी नवल वाटतं.

पैलवान: कुस्तीच्या पोरांना पंजा आणि कंबर यांसाठी गोळ्याइतकं काही मिळत नाही. हगाम्यात निकाली कुस्ती लांबली की आधी पंजा सुटतो.

ताई: पंजासाठी घे. पण मांड्यांची खरी ताकद हवी असेल तर बारबेल सोडू नकोस. 2012 मध्ये सहा आठवडे एका गटाला बारबेलची वेटलिफ्टिंग आणि दुसऱ्याला केटलबेल देऊन तुलना केली होती. दोघांची ताकद वाढली, स्क्वॉटमध्ये बारबेलवाले पुढं गेले. त्याचं कारण साधं आहे. बारवर अडीच किलो वाढवता येतात. गोळ्यात सोळानंतर वीस, म्हणजे एकदम चौथाई वजन वाढलं. आणि वीसचा गोळा घ्यायला पैसे नसतील तर सोळावरून थेट चोवीस, म्हणजे दीडपट. दुखापती या उड्यांमध्ये होतात.

पैलवान: हे मात्र कबूल. पोरं बारा किलोचा गोळा घ्यायला लाजतात. सगळ्यांना सोळाच पाहिजे. दोघांनी तर वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपात सिमेंट भरून, वर सळई वाकवून वेल्डिंग मारून गोळा करून आणला.

ताई: अरे देवा! कडी वेल्डिंगची?

पैलवान: हो. ओतीव गोळ्यात कडी आणि गोळा एकाच ओताचे असतात, म्हणून ते सुटत नाहीत. वेल्डिंग रोज झटके खाऊन कधी तडकेल याचा नेम नाही. स्विंगच्या वरच्या टोकाला कडी हातात राहिली आणि गोळा गेला, तर समोरच्याचं डोकंच. मी जिममध्ये आणू दिला नाही. पण खोलीत वापरतात.

ताई: बाहेरून आणलेल्या ओतीव गोळ्याच्याही कडीवरून बोट फिरवून बघत जा. ओताची शिवण घासलेली नसेल तर तळहात फाटतो. स्नॅच करणाऱ्यांच्या, म्हणजे गोळा एका झटक्यात डोक्यावर नेणाऱ्यांच्या, हाताला घट्टे पडतात. घट्टा वाढू दिला की तो उपसून निघतो आणि पुढचे काही दिवस मशीनवर हात चालत नाही. पीसरेटवर काम करणाऱ्याला ते परवडतं का? आंघोळीनंतर घट्टे दगडानं घासायला सांग. आणि गोळा मनगटावर आपटत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून सोडू नकोस. तो हाताभोवती फिरायला हवा, हातावरून उलटा पडायला नको.

पैलवान: आता मला एक विचारायचं आहे, आणि यात आपलं जमणार नाही असं वाटतं. बायका. माझ्याकडं संध्याकाळी बायकांची बॅच आहे. त्यातल्या काही जणी कांद्याच्या काढणीला जातात. पारनेर तालुक्यात कांदा किती, तुम्हाला माहीत आहे. दिवसभर ओणवं राहून काढायचा, पात कापायची, गोण्या भरायच्या. कंबर धरलेली असते. मी म्हणतो, यांनाच केटलबेल सगळ्यात जास्त पाहिजे. कुल्ल्याचे स्नायू तयार झाले की ओणवं राहणं सोपं जाईल.

ताई: मी म्हणते, काढणीच्या हंगामात त्यांना स्विंग अजिबात देऊ नकोस.

पैलवान: का? तुम्हाला आवडणारा डेन्मार्कचा अभ्यासच सांगतो की कंबरदुखी कमी झाली!

ताई: त्या अभ्यासातल्या बायका दिवसभर ओणव्या नव्हत्या. जी बाई सकाळी सातपासून वाकून आहे, तिच्या मणक्यांमधल्या चकत्या आणि मागचे अस्थिबंध आधीच ताणलेले असतात. त्यावर संध्याकाळी पुन्हा वाकून वेगाचं वजन? तिला उलट्या दिशेचं काम दे. उभं राहून गोळा एका हातात घेऊन चालणं. ताठ मान, सरळ खांदे, वीस पावलं इकडं, वीस तिकडं. किंवा हलका गोळा छातीशी धरून खुर्चीवरून उठ-बस. किंवा नुसतं पालथं झोपून छाती वर उचलणं.

पैलवान: म्हणजे जी वाकायचं काम करते तिला वाकायची ताकद द्यायची नाही?

ताई: द्यायची. हंगाम उरकल्यावर. कामाच्या दिवसांत शरीर जे खर्चून बसतं, त्याच खात्यातून पुन्हा काढायचं नाही.

पैलवान: हंगाम उरकला की दुसरा हंगाम लागतो, ताई. पारनेरच्या बाईला ऑफ-सीझन नसतो. तुम्ही म्हणता तो रिकामा महिना मी कुठून आणू?

या जागी मी पैलवानाच्या बाजूला झुकतो, पूर्ण नाही, पण झुकतो. शहरातल्या माणसाला व्यायाम आणि विश्रांती यांचं वेळापत्रक आखता येतं. शेतमजूर बाईचं वेळापत्रक पाऊस, मुकादम आणि बाजारभाव ठरवतात. ताकद वाढवण्याचा योग्य काळ येईल म्हणून वाट बघायची तर तो काळ साठीनंतर येतो. ऑस्ट्रेलियात 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 59 ते 79 वयाच्या, फारशी हालचाल नसलेल्या स्त्री-पुरुषांना तीन महिने केटलबेल शिकवली. त्यांच्या पंजाची ताकद वाढली आणि एकूण शारीरिक क्षमताही सुधारली. म्हणजे उशीर झाला तरी काही हरवत नाही, हा दिलासा आहेच. पण तिथं शिकवणारा माणूस होता; ताईचं पालुपद तिथंही लागू पडतं.

ताई: बरं, मधला मार्ग. हंगामात आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, फक्त चालणं आणि डेडलिफ्ट. गोळा आठ किलोचा. स्विंग नाही. आणि ज्या बाईच्या कमरेतली कळ पायात उतरते, मुंग्या येतात, तिला आधी माझ्याकडं पाठव. मग पुढचं.

पैलवान: हे करीन. आणखी कुणाला नाही म्हणायचं?

ताई: ज्याचा रक्तदाब औषधानं ताब्यात नाही, त्याला. जोर लावताना माणूस श्वास कोंडतो आणि दाब एकदम चढतो. आधीच चढलेला असेल तर ते जिवावरचं आहे. हर्निया असेल त्याला. गरोदर बाईला, डॉक्टरांनी होय म्हटल्याशिवाय. खांदा निखळून गेलेल्याला डोक्यावर वजन नाही.

पैलवान: तो मीच.

ताई: तूच. रीलमध्ये तू टर्किश गेटअप करताना, गोळा डोक्यावर धरून जमिनीवरून उठताना दिसतोस. बंद कर.

पैलवान: आठ किलोनंच करतो, ताई. बरं, राहिलं आता नाइटवाल्यांचं. सकाळी सातला सुटतात, डोळे लाल, आणि घरी जाऊन झोपण्याआधी ‘दोन सेट मारून जातो’ म्हणतात.

ताई: झोप नसलेल्या माणसाला स्विंग देऊ नकोस. दारू प्यायलेल्याला गाडीची चावी देशील का? थकलेला माणूस पहिल्या दहा झोक्यांत चांगला असतो, नंतर त्याला स्वतःला कळत नाही की पाठ वाकली. माझ्याकडं येणाऱ्या कंबरांमध्ये ‘शेवटच्या सेटला’ हे शब्द हमखास असतात.

पैलवान: मी नाही म्हटलं तर खोलीवर जाऊन करतील. तिथं तर कुणीच बघणारं नाही.

ताई: मग नाही म्हणू नकोस. दुसरं काहीतरी दे. गोळा हातात घेऊन चालायला लाव, थोडे जोर घालायला लाव, अंग मोकळं करून झोपायला पाठव. स्विंग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. आणि मोजून. दहा झोके, मिनिटभर विश्रांती, पुन्हा दहा. पहिल्या महिन्यात एका बैठकीत पन्नासच्या वर कुणीही जायचं नाही, कितीही ताकदवान असला तरी.

पैलवान: पन्नास म्हणजे पाच मिनिटांचं काम. हसतील मला.

ताई: हसू देत. तुझे वस्ताद माती खणायला लावायचे तेव्हा तूही मनात हसलाच असशील.

पैलवान: हसत नव्हतो, चिडत होतो. ठीक आहे. पण मी एकटा किती पाठी बघणार? एका बॅचला पंचवीस जण. कंपन्यांनी हे करायला पाहिजे. सेफ्टी शूज देतात, हेल्मेट देतात, वर्षातून एकदा रक्त तपासतात. एक मोकळी शेड आणि महिन्यातून दोनदा एक फिजिओ, एवढं दिलं तर निम्म्या कंबरा तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

ताई: याबाबतीत मी तुझ्याच बाजूनं आहे. तसं पत्र लिही, मी सही करते. तोपर्यंत पंचवीसची बॅच बाराची कर.

पैलवान: बाराची केली तर भाडं निघत नाही.

ताई: मग नवीन आलेल्यांची वेगळी बॅच काढ. जुने आपापलं करतील, तू नव्यांकडं बघ. सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेव, पहिले दोन रविवार मी येते काठी घेऊन.

पैलवान: या. कांद्यावाल्या बायकांनाही बोलावतो. काढणी उरकली की त्यांच्यातल्या चौघी-पाचजणींना मी स्विंग शिकवणार, तुमच्या समोर. मग बघू कंबर काय म्हणते ते.

ताई: बघू. मला अजून पटलेलं नाही. पण त्यांना सहा किलोचा गोळा लागेल, आठचा नाही. तुझ्याकडं आहे का?

पैलवान: नाही. आणावा लागेल.